उतारवयातला गोठा

(ऊस विकास विभागाकडून)

या पानावर आपण नेहमी लागणीची वेळ, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजवणं असे विषय वाचता. या अंकात उसाच्या सरीतून जरा बाजूला होऊन गोठ्यात डोकवायचं ठरवलं आहे. विषय उसापासून वाटतो तितका लांबचा नाही. घाटाखालच्या आपल्या सभासदांच्या शेतावर ऊस नोंदीसाठी फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. नोंदवहीत नाव तेच, गट नंबर तोच. पण हाक मारल्यावर ओटीवर येणारा माणूस आता सत्तरीचा असतो. मुलं मुंबईला, नाहीतर पुण्याला किंवा गोव्याला. गोठ्यात चार-पाच गुरं, आणि घरात माणसं दोनच, तीही एकमेकांच्या आधारानं चालणारी.

वैभववाडी-कणकवलीकडे ऊस जास्त, मालवणकडे खाडी आणि नदीच्या काठानं तुरळक. पण गोठ्याची ही कथा दोन्हीकडे सारखीच आहे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. सारा देश वाढत असताना आपला जिल्हा एकोणीस हजारांनी कमी झाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६. हे आकडे म्हणजे चाकरमान्यांच्या बंद घरांचाच हिशेब आहे. कमावती माणसं गेली. जमीन आणि गुरं गावातच राहिली, आणि ती सांभाळायची पाळी आली म्हाताऱ्या माणसांवर, त्यातही म्हाताऱ्या बायांवर.

ही काही फक्त आपलीच अडचण नाही. जपानात २०२० च्या शेतीगणनेत मुख्यतः शेतीच करणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ वर्षं निघालं. अमेरिकेत २०२२ साली ते ५८.१ होतं. शेतकरी सगळीकडेच म्हातारा होतो आहे. फरक एवढाच, की तिथं गोठ्यात यंत्रं आहेत. आपल्याकडे घमेलं, कोयता आणि कंबर.

चार गुरांचं रोजचं ओझं

ओझं ओझं म्हणतो, ते किती हे एकदा मोजून बघावं. आपली गावठी गाय अंगानं लहान, वजन साधारण सव्वादोनशे किलो धरू. तिला वजनाच्या अडीच टक्के कोरडा आहार लागतो. म्हणजे रोज १५ किलो ओला चारा आणि ३ किलो पेंढा. अशी चार जनावरं असली की रोज ६० किलो ओला चारा कापायचा, बांधायचा, डोक्यावरून आणायचा; शिवाय उडवीतून १२ किलो पेंढा ओढायचा. उन्हाळ्यात एकेक जनावर तीस-चाळीस लिटर पाणी पितं. चौघांचं मिळून सव्वाशे लिटरच्या पुढे. विहिरीचं पाणी असेल तर पंधरा लिटरच्या आठ-नऊ बादल्या. आणि रोजचं शेण भरून गायरीत टाकायचं. याला रविवार नाही, सण नाही, ताप नाही. चाळीशीत हे काम हातासरशी होऊन जातं. सत्तरीतही होतं, पण ते शरीराच्या शिलकीतून होतं, आणि शिल्लक किती उरली हे कुणाला दिसत नाही.

मग एवढं ओझं उचलायचं कशाला? त्यालाही कारण आहे. एक गावठी जनावर दिवसाला आठेक किलो शेण टाकतं. चार जनावरांचं वर्षाचं ११-१२ टन होतं. त्यातलं निम्मं रानात, सड्यावर पडतं. उरलेलं कुजून गोठ्यातल्या पाल्यापाचोळ्यासकट तीन-साडेतीन टन खत हाती येतं. उसाला एकरी १० टन शेणखत घाला, असं आम्ही सांगत असतो. म्हणजे चार गुरं असलेला सभासद आपल्या १२-१३ गुंठे उसाचं खत घरचंच घालतो. गोठा मोडला की हे खत विकत घ्यावं लागतं, नाहीतर घातलंच जात नाही. पहिली दोन वर्षं काही कळत नाही. मग जांभ्याच्या लाल जमिनीतला भुसभुशीतपणा जातो, पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते आणि खोडवा मान टाकतो. खताच्या पोत्यानं ऊस हिरवा दिसेल, पण जमिनीतला जीव पोत्यात मिळत नाही.

दुसरं कारण हिशेबात मांडता येत नाही. पहाटे गोठ्यात हंबरणं ऐकू येतं म्हणून म्हातारा माणूस उठतो. गाईला पाणी दाखवायचं म्हणून दोन पावलं चालतो. मुलगा म्हणतो, "मुंबईक चला." आई-बाबा म्हणतात, "मगे गोरवांका कोण बघतलो?" हे निमित्त आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. पण या निमित्तावरच अनेक घरांच्या चुली गावात पेटत्या राहिल्या आहेत. म्हणून ‘म्हातारे झालात, गुरं विकून टाका’ असा सोपा सल्ला देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

दोन गोठे

खाडीकाठच्या एका गावातले आपले एक सभासद. वय चौऱ्याहत्तर. बैलांची जोडी, दोन गाई, एक म्हैस आणि एक पाडी, अशी सहा जनावरं. नांगरट बरीच वर्षं पॉवर टिलरनं होत होती. पण जोत घरचं पाहिजे म्हणून बैल ठेवलेले. आषाढातल्या एका सकाळी गोठ्यातल्या झिजून गुळगुळीत झालेल्या चिऱ्यावर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना शहरातल्या इस्पितळात नेलं. काकी बरोबर गेल्या. शेजाऱ्यांनी चार दिवस पाणी-पेंढा केला, पण लावणीचे दिवस. कोण किती करणार? मुलगा मुंबईहून आला आणि दहा दिवसांत म्हैस आणि गाई मिळेल त्या किमतीला गेल्या. घासाघीस करायला वेळच नव्हता. घेणाऱ्याला ते माहीत होतं. बैलांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. काका घरी आले तेव्हा बैल सड्यावर मोकाट होते. काकी पायऱ्यांवर बसून म्हणाल्या, "सायबानू, गोठो रिकामो झालो ह्याचा वायट वाटणा नाय. कोणाक सांगूक पण येळ गावलो नाय, ह्याचा वाटता."

त्याच पंचक्रोशीतले दुसरे सभासद सत्तरीचे. त्यांच्याकडे सात गुरं होती. पासष्टी उलटल्यावर त्यांनी एक काम केलं. दर वर्षी एक-दोन जनावरं कमी करायची, पण बाजारात नाही, ओळखीच्या दाराला द्यायची. एक गाय विकली, एक भाचीच्या सासरी दिली. दोन पाड्या वाडीतल्या एका तरुण जोडप्याला अर्धेलीनं दिल्या. पाडी त्यांनी वाढवायची. पहिलं वेत झालं की एक वासरू धन्याचं, पुढचं त्यांचं, खत ज्याच्या गोठ्यात त्याचं. आज त्यांच्याकडे एक गाय आणि एक पाडी आहे. ते म्हणतात, "माझ्याच्यान होता तवसर ह्येंका मी बघतंय. होवचा नाय त्या दिसाक खय न्हेवची, ता ठरलेला आसा." उसाला खत थोडं कमी पडतं, ते अर्धेलीवाल्या जोडप्याकडून येतं.

दोघेही कष्टाळू, दोघांचाही गुरांवर जीव. फरक पडला तो निर्णय कोणी घेतला एवढ्यानं. दुसऱ्या गोठ्यात धन्यानं घेतला. पहिल्यात सरकलेल्या पायानं घेतला.

तापाच्या दिवसाचा हिशेब

यातून एक साधं माप निघतं. आपण गुरांची संख्या ठरवतो ती अंगात बळ असलेल्या दिवसावरून. उतारवयात ते माप खोटं ठरतं. अंगात ताप आहे, पावसाची झड लागली आहे, आणि घरातलं दुसरं माणूस तालुक्याला गेलं आहे, अशा दिवशी एकट्यानं किती जनावरांना पाणी आणि पेंढा घालता येईल? जो आकडा येईल तेवढीच आपली गुरं. दोन आला तर दोन. एक आला तर एक. शून्य आला तर गोठा दुसऱ्याच्या अंगणात न्यायची वेळ आली आहे. पण तीही आपण उभे असताना न्यायची. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच नाही केली.

कमी करताना कोणतं जनावर ठेवायचं, तेही सांगतो. आपल्या किनारपट्टीची लहान चणीची गावठी गाय ही आता नुसती ‘गावठी’ राहिलेली नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावानं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. दूध थोडं, पण पाऊस सोसते, सड्याच्या गवतावर जगते, उतारावर चालते, आणि तिनं शिंगाचा झटका दिला तरी मोठ्या संकरित गाईएवढा तो जबर नसतो. म्हाताऱ्या माणसाला दूध किती देते यापेक्षा ओढली तर आवरते का, हे महत्त्वाचं. या लहान गाईला मोठ्या विदेशी जातीच्या वळूचं रेतन करू नका. वासरू मोठं झालं तर व्यायला अडतं, आणि अडलेली गाय रात्री दोन वाजता सोडवायला तरुण हात लागतात.

म्हातारा बैल

सगळ्यात अवघड प्रश्न बैलाचा आहे. तीन-चार वर्षांचा असताना तो जोताला लागतो आणि बारा-चौदापर्यंत काम करतो. पूर्वी उतारवयाच्या बैलाला बाजारात काहीतरी किंमत येई. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम १९७६ चा. त्यातली दुरुस्ती २०१५ साली लागू झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा कायद्याच्या जागी. शेतकऱ्यापुरता त्याचा अर्थ असा, की बैल घेतानाच त्याच्या म्हातारपणाचा चारा धरून चालायचं. तो धरला नाही की दावं सोडलं जातं आणि मुका जीव महामार्ग क्रमांक ६६ वर येऊन बसतो. रात्री डांबर ऊबदार असतं म्हणून बसतो. मग त्याच्यावर गाडी आदळते. त्यात बैलही जातो आणि कधी माणूसही. ज्याच्या खांद्यावर आपण दहा वर्षं जू ठेवलं त्याचा शेवट असा होऊ देऊ नये.

साठी उलटलेल्या आणि पॉवर टिलर वापरणाऱ्या सभासदांनी नवी जोडी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. असलेली जोडी म्हातारी झाली असेल तर तिला घरी मरू द्यावं. बसून असलेल्या बैलाला कामाच्या बैलाइतका खुराक लागत नाही. पेंढा, थोडा ओला चारा, मीठ आणि सावली एवढं पुरतं, आणि त्याचं शेणही खतच असतं.

जनावर मेल्यावरसुद्धा त्याचा मान राखता येतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं दाखवलं. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या जनावराचं कातडं सोडवणं हे काम एका जातीवर ढकलून बाकीच्यांनी नाक दाबायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ते काम त्यांनी स्वतः हातात घेतलं. कातडं, हाडं, मांस सगळ्याचा उपयोग होतो, काहीच वाया जायचं कारण नाही, अशी त्यांची दृष्टी होती. आज तशी सोय गावोगाव नाही. तेव्हा निदान मेलेलं जनावर ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नये. विहिरीपासून लांब, पाच-सहा फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावं. हा खड्डा म्हाताऱ्या माणसानं एकट्यानं खणू नये, हे सांगायला नकोच.

गोठ्यात करायचे फेरफार

गुरं कमी केली तरी गोठा तरुणपणीचाच राहिला तर धोका टळत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी बिनपैशाच्या आहेत.

चिऱ्याची जमीन झिजून गुळगुळीत झाली असेल तर टाकीनं आडव्या खाचा पाडून घ्याव्यात. पावसाळ्याआधी ती घासून शेवाळ काढावं. मुताची मोरी उताराची आणि वाहती असावी.

गव्हाण कमरेच्या उंचीला आणावी, म्हणजे वाकून चारा घालावा लागत नाही. पेंढा माळ्यावर चढवू नये. गोठ्यालगत हाताच्या उंचीवर ठेवावा. शिडीवरून पडलेल्या म्हाताऱ्या माणसांची संख्या कमी नाही.

शेण डोक्यावरच्या घमेल्यातून नेण्याऐवजी एकचाकी हातगाडीतून न्यावं. फावड्याला लांब दांडा घालावा. बादली अर्धीच भरावी. दोन फेऱ्या जास्त होतील, पण कंबर राहील.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दावं मनगटाला गुंडाळू नये. गाय कुत्र्याला बुजून उधळली तर मनगटाला गुंडाळलेलं दावं माणसाला फरफटत नेतं. दावं मुठीत धरावं, सुटलं तर सुटू द्यावं. सुटलेली गाय संध्याकाळी घरी येते. जनावराजवळ जाताना मागून जाऊ नये. त्याला दिसेल अशा बाजूनं, बोलत जावं. नव्यानं व्यालेल्या गाईच्या वासराला एकट्यानं हात लावू नये. ती लाख गरीब असो, त्या दोन दिवसांत ती आपली नसते.

चाऱ्याची मेहनत वाचवायची तर गळीत हंगामात वाढे आपल्या हातात आहेत. मात्र नुसत्या वाढ्यांवर गुरं ठेवू नयेत. त्यात ऑक्झॅलेट असतं. ते शरीरातल्या चुन्याला धरून ठेवतं आणि गाय अशक्त होते, माजावर यायला उशीर लावते. वाढे बारीक कापून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, अर्धा चारा दुसरा ठेवावा आणि रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. भाताचा पेंढा पौष्टिक करायचा तर १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, थर दाबून प्लास्टिकनं झाकावा, २१ दिवसांनी उघडून वास उडाल्यावर थोडा थोडा घालावा. युरियाचं पाणी मात्र जनावराच्या तोंडाशी जाऊ देऊ नये. ते विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये.

गोठ्यातून माणसाला येणारे आजार

पावसाळ्यात ताप आला की आपण म्हणतो, भिजल्याचा असेल. आपल्या जिल्ह्यात असं म्हणून चालत नाही. लेप्टोचा जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. म्हाताऱ्या माणसाच्या पायाला भेगा असतातच, मधुमेह असेल तर जखम कळतही नाही. गोठ्यात आणि चिखलात गमबूट घालावेत, जखम झाकावी. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं आणि ‘माझ्याकडे गुरं आहेत’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, दोडामार्गकडे, २०१६ साली माकडतापाची मोठी साथ आली. तो जंगलातल्या गोचिडीमुळे होतो. रानात गुरं चारायला जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावं. गाय गाभडली तर तो गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नये. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही धरतो आणि महिनोन् महिने ताप देतो. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या पाडीला एकदाच द्यावी लागते.

कागद

आता जे सांगायचं ते काही जणांना कडू लागेल. गुरं एका दिवसात हलवता येतात, कागद हलत नाहीत.

पहिला कागद आपल्या कारखान्याचा. शेअरला वारस नेमला आहे का? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा नेमलेल्या व्यक्तीकडे वर्ग होतो. नेमणूकच नसेल तर सगळ्या वारसांचे दाखले गोळा करत घरच्यांना हेलपाटे घालावे लागतात. पन्नास वर्षं गोठा आणि ऊस या दोन्हींत जिचे हात राबले त्या घरधनिणीचं नाव बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावरही नाही आणि शेअरवरही नाही. वारस म्हणून तिचं नाव घालायला एक फॉर्म पुरतो. मात्र वारस-नेमणूक म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल नव्हे. त्यासाठी मृत्युपत्र करावं. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही.

दुसरा कागद सातबारा. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. वारसनोंदी तलाठ्याकडे करून घ्याव्यात. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. संमती देणारी पिढी जिवंत आहे तोवरच हे काम सोपं आहे.

तिसरं, सरकारी योजनांच्या वयाच्या अटी. २०१९ साली सुरू झालेल्या किसान मानधन योजनेत साठीनंतर दरमहा ३००० रुपये पेन्शन आहे, पण नाव नोंदवायचं वय १८ ते ४०. म्हणजे ती आपल्या मुलांसाठी आहे, त्यांना सांगा. श्रावणबाळ योजनेत ६५ नंतर, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना, २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा अनुदान योजना अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख रुपये देते. तीत जनावराचा हल्ला, सर्पदंश, विजेचा धक्का बसतो, पण वय १० ते ७५ एवढंच. पंचाहत्तरी उलटलेल्या सभासदाला त्या छत्राखाली जागा नाही. आणि खुब्याचं हाड मोडून माणूस खाटेवर पडला, तर तेवढ्यासाठी या योजनेतून काही मिळत नाही. हेही गुरांची संख्या ठरवताना ध्यानात घ्यावं.

चौथं, गुरांच्या कानातला बारा अंकी बिल्ला. तो असावा आणि नोंद योग्य नावावर असावी. जनावर दुसऱ्याला देताना तो लागतो.

बदली माणूस

फिनलंड नावाच्या थंड देशात १९७० च्या दशकापासून एक व्यवस्था आहे. गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवस सुट्टीचा हक्क. त्या दिवसांत गोठा बघायला शिकलेला बदली माणूस येतो. आजारपणातही येतो. जपानातही दूध उत्पादकांच्या संघटना असे मदतनीस ठेवतात. ऐकून आपल्याला नवल वाटतं. पण आपल्या गावांत हे नव्हतं का? गावची गुरं राखायची पाळी घराघरातून फिरायची. आज तुझी, उद्या माझी. घाटावर सावड होती, पैरा होता, इर्जिक होतं. आपण ते मोडलं, आणि तिकडे त्यांनी त्याला कायद्याचं रूप दिलं.

सहकार म्हणजे फक्त एकत्र ऊस गाळणं नव्हे. एका वाडीत गुरं असलेली आठ-दहा घरं असतातच. त्यांनी एकत्र बसून ठरवावं. वाडीतला एखादा धडधाकट तरुण किंवा गुरांची सवय असलेली बाई बदली म्हणून नेमावी. दर घरानं महिन्याला थोडे पैसे गटात घालावेत, काम पडेल त्या दिवसांची मजुरी त्यातून द्यावी. त्या माणसाला प्रत्येक गोठ्याची आधी ओळख करून द्यावी. कोणती गाय लाथ मारते, कोणाला कसलं औषध चालू आहे, पेंढा कुठं आहे, हे सारं वहीच्या एका पानावर लिहून गोठ्याच्या खांबाला टांगावं. पहिल्या गोठ्यातल्या काकींना असा एक माणूस महिनाभर मिळता, तर गाई मातीमोल गेल्या नसत्या. ज्या वाडीतले सभासद असा गट करतील त्यांनी आपल्या शेती गट कार्यालयात कळवावं. त्यांच्या पहिल्या बैठकीला विभागाचा माणूस येईल. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी गाठ घालून देण्याचं कामही आम्ही करू.

सभासद बंधू-भगिनींनो, दिवाळीच्या पाडव्याला आपण गुरांना धुऊन रंगवतो, त्यांच्या गळ्यात हार घालतो, गोडधोड खायला देतो. येत्या पाडव्याला पूजा झाली की गोठ्यातच दहा मिनिटं बसा. घरधनीण बरोबर असू द्या, चाकरमानी मुलगा आला असेल तर तोही. एकेका जनावराकडे बघून एवढंच ठरवा: हे माझ्याकडे कधीपर्यंत, आणि त्यानंतर कोणाकडे? ठरलेलं एका कागदावर लिहा. तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. शेअरच्या वारसाचा फॉर्म चिटबॉयकडे मागा. तो घरपोच आणून देईल आणि भरूनही नेईल. त्याला कसलीही फी नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी